दोघांना पुढे बोलवा

नल्लपालेम
३ फेब्रुवारी १९९३

करुणा,

प्रभूच्या नावानं वंदन. झालं वंदन. आता ऐक, माझं डोकं नुसतं तापलंय.

परवा पहिली तारीख. नवा महिना देवाच्या हातात देऊन सुरू करावा म्हणून पहाटे पाचला अख्खी वस्ती चर्चमध्ये हजर. गाणी झाली, प्रार्थना झाली, मग वचनांचं ताट फिरलं. ज्यानं-त्यानं एक चिठ्ठी उचलायची, तीत जे वचन निघेल ते देवानं त्या महिन्यापुरतं आपल्याला दिलं. मी नेहमीसारख्या दोन उचलल्या. एक माझी, एक तुझी. तर आमच्या अय्यगारूंच्या बायकोनं, अम्मगारूंनी, माझं मनगट धरलं. सगळ्यांसमोर!

"सुवार्तम्मा, एकीला एक."

"दुसरी माझ्या बहिणीची."

"तिला चिराल्याला तिच्या चर्चमध्ये मिळते."

मी म्हटलं, "तिच्या चर्चमधल्या ताटात काय ठेवतात, मला काय माहीत? हे ताट मी घासते."

बायका खुदखुदल्या. अम्मगारू नाही हसल्या. आता मला सांग, पाळकाची बायको म्हणजे देवाच्या कचेरीतली कारकून आहे का? तिनं शिक्का मारल्याशिवाय आशीर्वाद पुढे सरकत नाही? मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन घरी आले.

माझ्यावर निघालं, "धीर धर." दर दोन-तीन महिन्यांनी मला हेच येतं. देवाला माझ्यासाठी दुसरं काही सुचतच नाही.

पण तुझी! तुझी मी अक्षर अक्षर लावून वाचली, मग खात्रीला शेजारच्या मार्तम्माच्या मुलीकडून वाचून घेतली. "रिकाम्या घरात लेकराचा आवाज येईल." काटा आला अंगावर. तुझ्या लग्नाला आठ वर्षं झाली. आठ वर्षं ती तुझी सासू सालोमम्मा जेवणाच्या ताटाबरोबर टोमणा वाढते. ही चिठ्ठी तिच्या नाकासमोर धर. म्हणावं, वाचा, देवानं लिहून दिलंय, आता तुमचं तोंड मिटा.

चिठ्ठी पाकिटात घातलीय. मिरचीचे देठ खुडून खुडून बोटांची आग होतेय म्हणून अक्षर असं आलंय. तसं ते एरवीही असंच असतं.

तुझी अक्का
सुवार्तम्मा


चिराला
५ मार्च

प्रिय अक्का,

वंदन. पत्र आणि चिठ्ठी मिळाली. तू सांगितलंस तशी सासूबाईंना दाखवली. त्या बोलायच्या थांबल्या हे खरं. चिठ्ठी डोळ्यांना लावली, रडल्या, आणि तशाच चपला सरकवून आमच्या अय्यगारूंकडे घेऊन गेल्या.

एक तारखेला पहाटेच्या प्रार्थनेत अय्यगारूंनी ती माईकवर वाचली. मग मला पुढे बोलावलं. समोर एक खुर्ची ठेवली होती. तिच्यावर बसवून त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्या चर्चनं हात वर करून माझ्यासाठी प्रार्थना केली. तीनशे तरी माणसं असतील. "एप्रिलच्या पहिलीला ही बहीण इथे उभी राहून साक्ष देईल," असं अय्यगारूंनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

चांगलंच झालं म्हणायचं. इतकी माणसं आपल्यासाठी प्रार्थना करतात. कुणाच्या नशिबी असतं?

हे नेहमीप्रमाणे तबल्यावर होते. मध्ये एकदा त्यांचा ताल चुकला. आठ वर्षांत पहिल्यांदा चुकलेला ऐकला.

बालवाडीत यंदा बत्तीस मुलं आहेत. त्यांच्या आया मागावर बसतात, त्यामुळे सकाळी आठला आणून सोडतात ती संध्याकाळीच नेतात. लिडिया नावाची एक चिमुरडी आहे. पाटीवर 'अ' काढते आणि माझ्या पदराला नाक पुसते, आळीपाळीनं.

अक्का, यापुढे माझ्यासाठी चिठ्ठी उचलू नकोस. तुमच्या अम्मगारूंचं बरोबर आहे. एकीला एक.

तुझी
करुणा


नल्लपालेम
१२ मार्च

करुणा,

तेल? खुर्ची? टाळ्या?

तू काय बाजारात उभी केलेली म्हैस आहेस, की पुढे आणा, पाठीवर हात फिरवा आणि गाभण कधी राहील ते माईकवर सांगा? मी पत्र दोनदा वाचलं. एकदा वाचता येत नाही म्हणून, आणि एकदा खरं वाटेना म्हणून.

चिठ्ठी मी पाठवली. सासूला दाखव असं मी सांगितलं. म्हणजे ही काडी मीच ओढली, ते मला कळतंय. तू ते पत्रात लिहिलं नाहीस. तुझ्या या भलेपणाचाही मला राग येतो.

"एप्रिलच्या पहिलीला साक्ष देईल!" त्या माणसाला महिना म्हणजे काय माहीत आहे? त्याचा महिना भिंतीवर बदलतो. पान फाडलं की झालं. बाईचा महिना कुठे बदलतो आणि कसा बदलतो, हे त्याच्या बायकोला विचार म्हणावं, मग माईक धर.

आणि तुझा जीवरत्नम तबला वाजवत बसला होता! बायको खुर्चीवर, कपाळाला तेल, आणि नवरा धा धिं धिं धा. मला चार लेकरं झाली. त्यातलं एकही मी एकटीनं आणलं नाही. मग खुर्ची एकटीचीच कशी?

दोन वर्षांमागे तू गुंटूरला मोठ्या दवाखान्यात तपासून आलीस. "माझं सगळं ठीक आहे" असं पत्र पाठवलंस. ते माझ्या पेटीत आहे. तुझं ठीक आहे तर मग अडलंय कुठे? डॉक्टरनं पुढे काही सांगितलं का? त्याला तपासलं का? सरळ उत्तर दे.

आमचे हे, तुझे बावा, म्हणतात, नवरा-बायकोच्या मधे पडू नकोस. मी म्हटलं, त्यांच्या मधे तीनशे माणसं पडलीत, मी एक जास्त.

अक्का


बालवाडी, चिराला
४ एप्रिल

प्रिय अक्का,

यापुढे पत्र बालवाडीच्या पत्त्यावर पाठव. तुझं मागचं पत्र सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांनी शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. म्हशीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

एक तारीख झाली. पहाटे साडी नेसताना पाळी आली. नेमकी त्याच वेळी. तरी गेले, कारण नाही गेले असते तर घरी बोलावणं आलं असतं.

आमच्या अय्यगारूंची रीत अशी की आधी परगावच्या भाविकांची विनंतीपत्रं माईकवर वाचायची. पत्र जितकं लांबून, तितका त्यांचा आवाज मोठा. नेल्लूरचं वाचलं, कुवेतचं वाचलं. मग म्हणाले, "बहीण करुणा, साक्ष?"

मी मान हलवली. त्यांनी माईक जवळ आणला. मान हलवलेली माईकवर ऐकू येत नाही, म्हणून मला तोंडानं "नाही" म्हणावं लागलं.

मग ते म्हणाले, देवाचं वचन खोटं नसतं. वचन अडलं तर वाटेत धोंडा असतो. बहिणीनं आपलं मन तपासावं.

त्या दिवसापासून मंडळीतल्या म्हाताऱ्या घरी येतात. काय लपवलंस, कुणाचं वाईट चिंतलंस, लग्नाआधी कुणाबरोबर काही होतं का, असं विचारतात. बुधवारी आणि शुक्रवारी मला उपास सांगितलाय. मे महिन्याच्या पहिलीपर्यंत काही नाही झालं, तर बापट्ल्याजवळच्या उपवासगृहात चाळीस दिवस ठेवायचं ठरलंय. पहिलीला चर्चमधूनच गाडीत बसवणार. बालवाडी चर्चची आहे, त्यामुळे माझ्या जागी नवी बाई येणार. ती कायमची येईल. कमिटीत कुणी म्हणालं म्हणे, की लहान मुलांना माझा हात लागलेला बरा नाही.

यांची तब्येत चांगली आहे. मी पण बरी आहे. उकाडा वाढलाय.

करुणा


नल्लपालेम
९ एप्रिल

करुणा,

आधी काहीतरी तोंडात घाल. भात घाल, केळ घाल, काहीही. मग पुढचं वाच. उपास मोड. माझ्या नावावर मोड, देवाला मी उत्तर देईन.

कुणाचा हात लागलेला बरा नाही? जिच्या पदराला बत्तीस लेकरं नाक पुसतात तिचा? त्या कमिटीतल्या एकानं तरी आपल्या घरच्या पोराचं नाक कधी पुसलंय का, विचार. आणि चाळीस दिवस उपाशी ठेवल्यावर पोट येतं हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मला चार वेळा आलं, चारही वेळा मी भरपूर जेवत होते.

मी इथे आमच्या अय्यगारूंना जाऊन विचारलं. म्हटलं, तुमच्या ताटातली चिठ्ठी आहे, तुम्हीच सांगा, वचन अडलं तर दोष कुणाचा? ते म्हणाले, "सुवार्तम्मा, ते वचन आशा ठेवायला असतं, मुदत लावायला नसतं." शहाणा माणूस आहे. पण तुमच्या अय्यगारूंना हेच लिहून कळवा म्हटलं, तर म्हणाले, दुसऱ्याच्या मंडळीत मी कसा बोलू? सगळ्यांचं शहाणपण आपापल्या कुंपणापर्यंत.

आता तू ऐक. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मी तुझी वेणी घातली, तुझ्या उवा काढल्या. तू खोटं बोलतेस तेव्हा तुझी वाक्यं तोकडी होतात. "गूळ मी नाही खाल्ला. मांजर आलं होतं. मांजर गेलं." तसं हे तुझं "यांची तब्येत चांगली आहे. मी पण बरी आहे. उकाडा वाढलाय." मी डॉक्टरचं विचारलं आणि तू उकाड्याचं सांगतेस?

खरं काय ते लिही. नाही लिहिलंस तर पहिलीला मी चिराल्यात असेन. आणि मी आले की काय होतं, तुला माहीत आहे.

अक्का


बालवाडी, चिराला
१९ एप्रिल

अक्का,

हे पत्र मुलं झोपलेली असताना लिहितेय. वाचून जाळ.

गुंटूरला आम्ही दोघांनी तपासून घेतलं होतं. माझ्यात काही नाही. यांच्यात आहे. औषधानं जाणारं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

दवाखान्याच्या आवारात पाण्याचा नळ होता. हे तिथे तोंड धुवायला गेले आणि नळ चालू ठेवून रडत राहिले. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. मग माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "करुणा, हे कुणाला कळलं तर मी चर्चमध्ये तबल्यावर बसू शकणार नाही. शिलाईच्या दुकानात बसू शकणार नाही. अम्मा तर मरेल. मला वचन दे." मी दिलं.

अक्का, तू त्यांना वाईट समजू नकोस. त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. खुर्चीच्या त्या दिवसानंतर घरी आल्यावर माझ्या कपाळाचं तेल त्यांनीच पुसलं. बोलले मात्र काही नाहीत. मीही नाही बोलले. काय बोलणार? एक महिना गेला की दुसरा येतो, दुसरी खुर्ची येते.

तू म्हणशील, सांगून टाक. ताटातलं वचन महिन्याला बदलतं, अक्का. आज धीर धर, पुढच्या महिन्यात आनंद कर. माझं वचन असं बदलणारं नाही. देवाची वचनं लोक माईकवर वाचतात, माझं एकच आहे आणि ते मला तोंड मिटून पाळायचंय.

चाळीस दिवस काढीन मी. पोटाला सवय झालीय. फक्त बालवाडी जाईल, त्याचं काही सुचत नाही. लिडियाला सांगितलंय, नवी बाई आली तर तिच्या पदरालाही नाक पुसायचं. ती म्हणाली, तिचा पदर खरखरीत असेल.

आता तुझ्याकडून मला वचन हवं. तू येऊ नकोस, आणि ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. तुला आईची आण आहे.

करुणा


नल्लपालेम
२३ एप्रिल

करुणा,

पत्र चुलीत घातलं. तुझे बावा विचारत होते, काय जाळतेस? म्हटलं, माझी जीभ.

आईची आण घातलीस. म्हणजे मला बांधून टाकलंस. बरं. ती गोष्ट माझ्या तोंडून निघणार नाही, माझ्या हातून लिहिली जाणार नाही. येणारही नाही. आले तर माझं तोंड माझं ऐकणार नाही.

पण गप्प बसेन असं मी कुठे म्हटलंय? वहीचं पान फाडलंय. माझं लिहिणं हळू, म्हणून आजच बसतेय.

पहिलीला जेवून जा.

अक्का


बालवाडी, चिराला
३ मे

अक्का,

तू काय केलंस, ते तुला कळलंय का? तू इथे नव्हतीस, म्हणून सगळं सांगते.

परवा पहाटे चर्च भरलेलं. बाहेर गाडी उभी. माझी पिशवी सासूबाईंनी भरून पायाशी ठेवलेली. पुढे ती खुर्ची, आणि खुर्चीवर मी. अय्यगारूंनी विनंतीपत्रं हातात घेतली. पहिलं विजयवाड्याचं. दुसरं उचललं आणि म्हणाले, "हे नल्लपालेमहून. आपल्या करुणाच्या थोरल्या बहिणीचं. देवाचं काम बघा, या एका लेकरासाठी गावोगावी प्रार्थना चाललीय."

त्यांनी आधी वाचून बघितलं नव्हतं. आणि तुझं अक्षर! त्यांना एकेक शब्द लावावा लागत होता. पुढे काय येतंय हे शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळत होतं. ते असं वाचत होते:

"अय्यगारूंना वंदन. मी सुवार्तम्मा. शिक्षण... चौथी नापास. प्रार्थनेची विनंती आहे. मोठ्यानं वाचा."

लोक हसले. ते पण हसले. आवाज मोठा केला.

"माझ्या बहिणीला तुम्ही खुर्चीवर बसवता. खुर्ची... एकच ठेवता. लेकरू दोघांचं असतं. चर्चमध्ये दुसरी खुर्ची नसेल तर... मी पाठवते."

ते थांबले. पण मागून म्हातारे देवसहायम, ज्यांना कमी ऐकू येतं, ओरडले, "मोठ्यानं, अय्यगारू! काय पाठवते?" बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. आता वाचणं सोडलं असतं तर जास्त दिसलं असतं. ते वाचत राहिले, जसं उतारावर सायकल थांबत नाही तसं.

"दोघांना पुढे बोलवा. दोघांच्या डोक्यावर हात ठेवा. धोंडा शोधायचा असेल तर... दोघांत शोधा. नाही सापडला तर तिच्या सासूत शोधा. मग माझ्यात शोधा, कारण चिठ्ठी मी पाठवली. मग... तुमच्यात शोधा. सगळीकडे शोधून झाल्यावर मग तिला उपाशी ठेवा. बत्तीस लेकरं वाढवणारीचा हात ज्यांना बरा वाटत नाही... त्यांच्या डोळ्यांसाठी पण प्रार्थना करा. आमेन. खाली सही आहे, चौथी नापास असले तरी सही येते."

अय्यगारूंनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. म्हणाले, "आपण एक गाणं घेऊ." आणि तबल्याकडे बघितलं.

हे उठले. तबल्याची हातोडी अजून हातात होती. माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. अय्यगारू म्हणाले, "तुम्ही बसा, ब्रदर. गाणं..."

"उणीव माझ्यात आहे," हे म्हणाले. माईक नव्हता तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "गुंटूरच्या दवाखान्यात सांगितलंय. दोन वर्षं झाली. हिच्यात काही नाही. हिनं मला वचन दिलं होतं, म्हणून ही इथे बसली. तेल लावून घेतलं. उपास केला. मी तबला वाजवला."

मग गाणं झालं, तबल्याशिवाय. लोक गाताना एकमेकांकडे बघत होते. आम्ही दोघं मधूनच बाहेर पडलो. गाडीवाला म्हणाला, "बसा अम्मा." हे म्हणाले, "गाडी परत ने."

सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. हे दुकानात गेले नाहीत. काल मी बालवाडीत आले, कुणी अडवलं नाही. नवी बाई आलीच नाही. संध्याकाळी कमिटीचे दोघं दारात येऊन उभे राहिले, पाटी-पेन्सिली पुरतात का असं विचारून गेले.

तू तुझं वचन मोडलं नाहीस, अक्का. मी पत्रातला शब्द न् शब्द आठवून पाहिला. कुठेही मोडलं नाहीस. पण त्यांचा चेहरा तू पाहिला नाहीस.

करुणा


नल्लपालेम
१० मे

करुणा,

नाही पाहिला त्याचा चेहरा. खरंय. तुझाही मार्चमध्ये पाहिला नव्हता, एप्रिलमध्ये पाहिला नव्हता, पण मला तो रोज दिसत होता. मिरचीच्या ढिगात दिसत होता.

जीवरत्नमला सांग, उभा राहिलास ते चांगलं केलंस. आणि सांग, उशिरा केलंस. दोन्ही एका दमात सांग, एक सांगून थांबू नकोस. त्याला उणीव आहे याचा मला राग नाही. आमचा धाकटा एका कानानं बहिरा आहे, म्हणून काय मी त्याला टाकला? राग याचा की उणीव त्याची आणि खुर्ची तुझी. नळाखाली रडला, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नळाशी तोंड धुऊन तो मोकळा झाला आणि तू दोन वर्षं तोंड मिटून बसलीस, हे कसलं वाटप?

तुमचे अय्यगारू तुला भेटायला आले? माफी मागितली? पत्रात तसं काही नाही, म्हणजे नसणार. तेल लावायला हात लांब होतो, माफी मागायला आखडतो. सासूचं सोड. तिच्या मुलाचं तिला आता कळलंय, तिला तिचं रडू दे. पण तुझ्या पिशवीत तिनं कपडे भरले होते ना, ते कपाटात तिनंच परत लावायला हवेत. तू लावू नकोस. पिशवी तिथेच राहू दे.

दोघं इकडे या. ताडगोळ्यांचे दिवस आहेत, रोज सकाळी कोवळे उतरवतात. कोंबडी कापते. आधी त्याला दोन शब्द बोलेन, मग वाढेन. त्याला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे दारातून पळणार नाही.

आणि तुला एक विचारायचंय. तुझं सगळं पत्र मी वाचलं. सासू अशी, अय्यगारू असे, हे असे उठले, लोक असे बघत होते. तू कुठे आहेस त्यात? खुर्चीवर, एवढंच. अगं, तू कधी चिडणार? आयुष्यात एकदा तरी? तुझ्या वाटचं चिडून चिडून मी दमले. जरा तुझं तू घे.

अक्का


चिराला
१ जून

अक्का,

आज पहिली. पहाटे चर्चची घंटा झाली. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन एकट्याच गेल्या. जाताना दारात थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, मग म्हणाल्या, "चहा झाकून ठेवलाय." पिशवी काल त्यांनी रिकामी केली. साड्यांच्या घड्या वेगळ्या पडल्यात, मी बदलल्या नाहीत.

आम्ही गेलो नाही. पण पहिली तारीख प्रार्थनेशिवाय कशी सुरू करायची, एवढी वर्षं कधी केली नाही. म्हणून इथेच पायरीवर बसलो. समोर मागांचे आवाज सुरू झाले होते. हे म्हणाले, "तू कर." मी डोळे मिटले आणि नेहमीसारखी सुरुवात केली. हे दयाळू पित्या, नवा महिना दाखवलास, तुझे उपकार.

त्यापुढे जमेना. शब्द पाठ आहेत, आठ वर्षं म्हणतेय, पण ते तोंडातून निघेनात. हे वाट बघत होते. मी परत सुरू केलं, परत तिथेच थांबले. आणि मग अक्का, माझे डोळे उघडले आणि आवाज चढला. घरात कधी चढला नव्हता, तो देवासमोर चढला. समोरच्या मागावरची बाई धोटा हातात धरून बघत राहिली, मला दिसत होतं, तरी थांबले नाही.

मी म्हटलं, "हे गप्प होते, कारण त्यांना लाज वाटत होती. मी गप्प होते, कारण मी यांना वचन दिलं होतं. बाकीचे बोलत होते, कारण त्यांना माहीत नव्हतं. पण तुला तर माहीत होतं! मला तेल लावत होते, तेव्हा तू तिथेच होतास. सगळं बघत होतास. मग तू का गप्प बसलास? तू कुणाला वचन दिलं होतंस?"

एवढं बोलून मी थांबले. धाप लागली होती. यांच्याकडे बघायचं धैर्य होईना. असं कुणी देवाला बोलतं का, असं वाटलं. प्रार्थना संपवायची कशी तेही कळेना, कारण याच्यापुढे उपकार म्हणता येईना आणि क्षमा मागावी असं वाटेना.

हे शेजारी बसले होते. मग हळूच म्हणाले,

"आमेन."

तुझी
करुणा